मुंबई–लंडन : हवाई अंतर आणि प्रवासकाल

दोन नगरांमधील अंतर आणि त्या अंतराच्या प्रवासास लागणारा काल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विधान इतके उघड वाटते की त्यासाठी स्वतंत्र लेखाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. तथापि दळणवळणाच्या इतिहासावरील लेखन चाळले असता या दोहोंचा संबंध बहुधा एकाच सरळ सूत्राने जोडलेला आढळतो. यंत्र सुधारले, वेग वाढला, काल घटला. शिडाचे गलबत, आगबोट, पंख्याचे विमान आणि जेट विमान या जणू एकाच जिन्याच्या चढत्या पायऱ्या होत, असे हे सूत्र आपणांस सांगते. मुंबई आणि लंडन या दोन नगरांचा दाखला घेऊन हे सूत्र कितपत टिकते, हे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम स्थिर राशी कोणती ते पाहू. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने आखलेल्या वर्तुळाचा कंस होय. भूगोलशास्त्रात यास बृहद्वृत्त म्हणतात. या मापाने मुंबई व लंडन यांच्यातील अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४,४८० मैल भरते. पेशवाईत ते इतकेच होते आणि आजही तितकेच आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाने हे अंतर ८ तासांत तोडता यावे. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला थेट जाणाऱ्या विमानास साधारणतः ९ ते १० तास लागतात. उरलेला तास-दोन तास कोठे जातो, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु हाच प्रश्न १९२९ च्या किंवा १९४८ च्या वेळापत्रकास विचारला, तर तासांऐवजी दिवसांचा हिशेब द्यावा लागतो. आणि त्या हिशेबात यंत्राचा भाग थोडा, राज्यव्यवहाराचा भाग फार, असे दिसून येते.

प्रवासकालाचे तीन घटक मानणे सोयीचे होईल. पहिला यंत्राचा वेग, दुसरा मार्गातील मुक्काम आणि तिसरा परवाना, म्हणजे ज्यांच्या भूमीवरून वा जलातून जावयाचे त्यांची अनुज्ञा. पहिला घटक अभियंत्याच्या हाती असतो. दुसरा काही अंशी त्याच्या व काही अंशी व्यापाऱ्याच्या हाती असतो. तिसरा सर्वस्वी राज्यकर्त्यांच्या हाती असतो. आपल्या इतिहासलेखनात पहिल्या घटकाचे वर्णन विपुल, दुसऱ्याचे जुजबी आणि तिसऱ्याचे जवळजवळ नाही, अशी स्थिती आहे.

१. समुद्रमार्गाचा वारसा

विमानाचा विचार करण्यापूर्वी समुद्रमार्गाचा धावता आढावा घेणे अवश्य आहे. कारण विमानाने आपला मार्ग आकाशात नव्याने आखला नाही, तो पुष्कळ अंशी जहाजांकडून उसना घेतला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे १९,८०० किलोमीटर होते आणि शिडाच्या गलबतास त्यासाठी चार ते सहा महिने लागत. १८३० च्या मार्च महिन्यात मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली व सुमारे एका महिन्याने तेथे पोहोचली. या महिन्यातील फार मोठा भाग एडन व इतर ठिकाणी कोळसा भरण्यात गेला. ही अडचण दूर करण्याचा उपाय म्हणून १८३९ च्या जानेवारीत मुंबई सरकारच्या फौजेने एडन घेतले. प्रवासकाल घटविण्यासाठी भूमी जिंकली गेली, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. पुढे १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला, अंतर सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आले आणि शतकाच्या अखेरीस विलायतची डाक साधारण दोन आठवड्यांत मुंबईस येऊ लागली.

या काळातील दोन मराठी उदाहरणे येथे नोंदविणे आवश्यक वाटते. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले. त्यांच्या वास्तव्याच्या काळातच वाफेच्या बोटींमुळे टपालाचा काल अनेक महिन्यांवरून काही आठवड्यांवर आला. परंतु न्याय काही वेगाने आला नाही. १८४७ साली प्रतापसिंह काशीस वारले, १८४८ साली त्यांच्या बंधूंच्या मृत्यूनंतर राज्य खालसा करण्याचा निर्णय झाला, आणि वकील मात्र दाद मागतच राहिले. विलंब सातारा व लंडन यांच्यामधील समुद्रात नव्हता, तो लंडनमधील कचेऱ्यांत होता.

दुसरे उदाहरण लोकमान्य टिळकांचे. १९१८ च्या आरंभी स्वराज्यसंघाच्या शिष्टमंडळासह ते विलायतेस निघाले असता कोलंबो येथे त्यांचे पारपत्र रद्द करण्यात आले व त्यांना परत फिरावे लागले. पुढे चिरोल खटल्याच्या कारणाने अनुज्ञा मिळाल्यावर ते सप्टेंबरात निघाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोहोचले. शांततेच्या काळात दोन आठवड्यांत होणाऱ्या प्रवासास महिन्याहून अधिक काल लागला; आणि कोलंबोच्या परतीपासून मोजल्यास अर्धे वर्षाहून अधिक. एकाच माणसाच्या एकाच प्रवासात युद्धाचा मुक्काम आणि सरकारचा परवाना हे दोन्ही घटक येथे उघडे पडतात.

२. यंत्र सिद्ध, मार्ग बंद

योगायोग असा की ज्या वर्षी टिळकांचा हा प्रवास झाला, त्याच वर्षाच्या शेवटी इंग्लंडहून हिंदुस्थानकडे पहिले विमान निघाले. १३ डिसेंबर १९१८ रोजी निघालेले हॅन्डले पेज बनावटीचे चार एंजिनांचे विमान रोम, माल्टा, कैरो, बगदाद या मार्गाने येऊन जानेवारी १९१९ मध्ये दिल्लीस पोहोचले. म्हणजे विमानाने हा प्रवास करता येतो, हे सिद्ध झाले होते. तरीही नियमित विमानसेवा सुरू होण्यास आणखी दहा वर्षे लागली. या दहा वर्षांचा हिशेब महत्त्वाचा आहे.

काही वर्षे अर्थातच तयारीत गेली. १९२१ साली ब्रिटिश हवाई दलाने कैरो ते बगदाद ही टपालसेवा सुरू केली. वाळवंटात वैमानिकास खूण सापडावी म्हणून जमिनीवर वाट आखण्यात आली आणि काही भागात तर नांगराने तास काढण्यात आला. १९२४ साली इम्पीरियल एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. १९२६ च्या डिसेंबरात ब्रिटिश हवाई मंत्री सर सॅम्युएल होर हे स्वतः लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने निघाले व १९२७ च्या जानेवारीत दिल्लीस पोहोचले. यंत्र, वैमानिक, पैसा आणि सत्तेची इच्छा ही चारही अंगे आता सिद्ध झाली होती. बसऱ्यापासून पुढे कराचीपर्यंतची सेवा त्याच वर्षी सुरू व्हावयाची होती.

ती झाली नाही. बसरा ते कराची हा मार्ग इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून जाणार होता आणि रेझाशाहाच्या सरकारने त्यास अनुमती नाकारली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असते, हे तत्त्व मान्य झाले होते. जमीन व समुद्र यांवर ज्यांना ब्रिटिशांपुढे नमावे लागले, अशा एका राष्ट्रास या तत्त्वाने एक नवे साधन दिले. समुद्रातून जाणाऱ्या जहाजास इराण अडवू शकत नव्हता. किनाऱ्यावर उतरून पेट्रोल घेणाऱ्या विमानास मात्र अडवू शकत होता. दोन वर्षे विमाने बसऱ्यापर्यंतच धावली. १९२९ साली इराणने मुदतबंद अनुमती दिली. ती संपल्यावर १९३२ साली हाच मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्यावर हलवावा लागला आणि बहारीन व शारजा ही नावे विमानांच्या वेळापत्रकात प्रविष्ट झाली. शारजा येथे प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी तटबंदीचे विश्रामगृह बांधण्यात आले. आखाती नगरांच्या हवाई भरभराटीचा आरंभ, अशा रीतीने, तेहरानच्या एका नकारात शोधता येतो.

याच सुमारास विमानास पर्याय म्हणून हवाई जहाजाचाही प्रयोग झाला. परवान्याचा व मुक्कामाचा प्रश्न त्याने सुटेल अशी आशा होती. कारण त्यास वाटेत फार थोडे थांबे पुरले असते. कराचीकडे निघालेले ‘आर १०१’ हे हवाई जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समधील बोव्हे नगराजवळ कोसळले. ४८ माणसे दगावली आणि तो मार्ग कायमचा संपला.

३. सात दिवसांचे विश्लेषण

३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही सेवा सुरू झाली. प्रवासास सात दिवस लागत व भाडे १३० पौंड होते. आगबोटीच्या दोन आठवड्यांशी तुलना करता हा काल निम्मा होय, आणि समकालीनांनी त्याचे मोठे कौतुक केले. परंतु हे सात दिवस उलगडून पाहिले असता निराळे चित्र दिसते.

क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान. तेथून जिनोव्हापर्यंत रेल्वे. कारण आल्प्सचा अडथळा होताच, शिवाय इटलीच्या हद्दीत विमानाच्या प्रवेशाविषयीचा तिढाही सुटला नव्हता. जिनोव्हाहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने रोम, नेपल्स, कोर्फू, अथेन्स, क्रीट व तोब्रुक असे टप्पे घेत अलेक्झांड्रिया. पुढे ईजिप्तमधून जमिनीवर उतरणाऱ्या ‘हर्क्युलिस’ विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशायर, लिंगे, जास्क व ग्वादर करीत कराची. एकूण मार्ग सुमारे ५,००० मैलांचा. विमानाचा वेग ताशी सुमारे १०० मैल धरल्यास उड्डाणाचे तास जास्तीत जास्त ५० होतात. सात दिवसांचे तास १६८. अर्थात प्रवासी ज्या कालास ‘विमानप्रवास’ म्हणत असे, त्यातील दोन तृतीयांशाहून अधिक काल तो जमिनीवरच असे. रात्रीचे मुक्काम, पेट्रोल, वाहनांची अदलाबदल, रेल्वे आणि सीमेवरील सोपस्कार यांत तो काल जाई.

या विश्लेषणाचा निष्कर्ष असा की १९२९ साली विमानाचा वेग दुप्पट झाला असता तरी प्रवासकालात फार तर एका दिवसाची बचत झाली असती. याउलट रात्री उड्डाण करण्याची सोय झाली असती आणि इटलीशी निश्चित करार झाला असता, तर त्याच संथ विमानाने तीन-चार दिवसांची बचत झाली असती. घडले ते उलटच. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीशी मतभेद होऊन जिनोव्हाचा मार्ग सोडावा लागला, आणि पुढील दशकात १९३७ पर्यंत पॅरिस ते ब्रिंदिसी हा टप्पा प्रवाशांना रेल्वेनेच करावा लागला.

४. कराची ते मुंबई

इतके करूनही विमान मुंबईस येत नव्हतेच. इंग्लंडच्या बोटीचे पहिले हिंदी बंदर म्हणून ज्या नगराची प्रतिष्ठा होती, ते हवाई मार्गाच्या पहिल्या नकाशात आडबाजूस पडले. कराची आखाताच्या अधिक जवळ, तेथील हवा कोरडी, पाऊस नाममात्र. मुंबईचे विमानतळ म्हणजे जुहूची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात तेथे विमान उतरविणे अशक्यच असे, आणि पुढे सेवा सुरू झाल्यावरही पावसाळ्यात ती पुण्याजवळ येरवड्यास हलवावी लागे. कराचीस विमानाने आलेले मुंबईचे टपाल पुढे रेल्वेने येई आणि वाचविलेल्या दिवसांपैकी काही दिवस तेथेच खर्ची पडत.

ही उणीव भरून काढण्याची योजना जे. आर. डी. टाटा व नेव्हिल विन्सेंट यांनी १९२९ सालीच मांडली होती. सरकारने ती मान्य करण्यास १९३२ उजाडले. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटांनी कराचीहून ‘पस मॉथ’ हे लहानसे विमान स्वतः चालवीत आणले, अहमदाबादेस पेट्रोल घेतले आणि दुपारी ते जुहूस उतरले. तेथून विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. ज्या अंतरास विमानाचे काही तास पुरले, त्याच्या मंजुरीस तीन वर्षे लागली होती.

या सेवेत काय वाहिले जात होते, तेही पाहण्यासारखे आहे. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात तिने १५५ प्रवासी आणि १० टनांहून काहीसे अधिक टपाल नेले. म्हणजे वेगाचा लाभ माणसांपेक्षा पत्रांना झाला; आणि पत्रांमध्येही तो प्रथम पेढ्या, बँका व सरकारी खाती यांच्या पत्रांना झाला असणार, हे उघड आहे. सरकारचा निकडीचा व्यवहार १८७० पासूनच समुद्राखालील तारेने चालत होता. माणसाचा काल, पत्राचा काल आणि तारेचा काल हे तीन भिन्न काल एकाच वेळी, एकाच दोन नगरांमध्ये नांदत होते. अमुक साली मुंबई व लंडन यांच्यातील अंतर ‘इतक्या दिवसांचे’ होते, असे विधान करताना ते कोणाच्या दृष्टीने, हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ येत नाही.

५. मागे वळलेला काल

प्रगतीच्या जिन्यावर पायऱ्या केवळ वर जातात. प्रवासकालाच्या इतिहासात त्या खालीही येतात. १९३८ च्या फेब्रुवारीपासून हिंदुस्थानचे साधे पत्रही दीड पेनीच्या दरात विमानाने नेण्याची साम्राज्य टपालयोजना लागू झाली होती आणि हवाई टपाल ही सामान्यांच्या आवाक्यातील गोष्ट होऊ लागली होती. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, फ्रान्स पडला आणि भूमध्य समुद्रावरील मार्ग बंद झाला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील डर्बनपासून कैरो, कराची, कलकत्तामार्गे ऑस्ट्रेलियातील सिडनीपर्यंत एक नवा मार्ग आखण्यात आला. नकाशावरील आकारामुळे त्यास घोड्याच्या नालेचा मार्ग म्हणत. विलायतेहून येणारे टपाल प्रथम बोटीने आफ्रिकेस वळसा घालून डर्बनला येई आणि तेथून विमानात चढे. विमाने तीच, वैमानिक तेच, वेगही तोच. परंतु पत्र पुन्हा शिडाच्या गलबतांच्या वाटेने येऊ लागले.

समुद्रमार्गाचीही हीच गत १९६७ ते १९७५ या काळात झाली. अरब-इस्राएल युद्धामुळे सुएझचा कालवा आठ वर्षे बंद राहिला आणि बोटींना केप ऑफ गुड होपचा जुना वळसा घालावा लागला. एकोणिसाव्या शतकात मिळविलेली बचत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी सहज हरपली.

६. आठवड्यापासून तासांपर्यंत

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि कराची परराष्ट्रात गेली. ज्या नगरातून हिंदुस्थानची हवाई डाक येत होती, ते नगर एका दिवसात सीमेपलीकडचे झाले. मुंबईस आपले जुने स्थान परत मिळण्यास ही घटना कारण झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ प्रवाशांसह कॅप्टन गझदर यांच्या हाताखाली मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले. एकूण मार्ग सुमारे ७,९०० किलोमीटर, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा केवळ दहा टक्क्यांनी अधिक. ताशी ४८० किलोमीटर वेगाने उड्डाणाचे तास १६ ते १७ होतात. १९२९ चे अनेक थांबे येथे दोनवर आले होते, रात्रीचे मुक्काम संपले होते आणि रेल्वे पूर्णपणे गळाली होती. पस मॉथची आणि कॉन्स्टेलेशनची तुलना करताना आपले लक्ष एंजिनांकडे जाते. परंतु बचतीचा मोठा वाटा मुक्काम गळण्याचा होता.

मुक्कामांना निराळी किंमतही होती. जिनीव्हास उतरण्यासाठी आल्प्सच्या शिखरांमधून खाली यावे लागे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जण मृत्यू पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान जिनीव्हाकडे उतरताना त्याच पर्वतावर आदळले आणि ११७ जणांत डॉ. होमी भाभाही गेले. सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने, मुंबईहून लंडनकडे जाणाऱ्या मार्गावर, एकाच पर्वतावर हे दोन्ही अपघात घडले. जेथे आज विमाने न थांबता फार उंचावरून जातात, तेथे त्या काळी थांबण्यासाठी उतरणे भाग होते.

जेटचा प्रवेशही पाठ्यपुस्तकात दिसतो तितका सरळ नाही. १९५२ साली ब्रिटिश ‘कॉमेट’ हे जेट विमान प्रवासी सेवेत आले व त्याच वर्षी लंडन ते कोलंबो हा त्याचा मार्ग मुंबईवरून सुरू झाला. परंतु १९५४ साली दोन कॉमेट विमाने आकाशातच भंगली. वारंवार पडणाऱ्या दाबाने धातू शिणतो, हे त्याचे कारण तपासात आढळले आणि ती विमाने सेवेतून काढून घेण्यात आली. मुंबईचा प्रवासी काही वर्षांसाठी पुन्हा पंख्याच्या विमानात बसला. १९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ विमाने या मार्गावर आणली आणि वेग ताशी ९०० किलोमीटरांच्या आसपास गेला.

७. १९६० नंतर काय घडले?

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६० नंतर या मार्गावरील प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही. बोइंग ७०७ आणि आजचे बोइंग ७८७ यांच्या उड्डाणवेगात नाव घेण्यासारखा भेद नाही. यंत्राच्या वेगाचे सूत्र खरे असते, तर प्रवासकाल सहा दशकांपूर्वीच स्थिरावला असता. तरीही तो घटला, कारण बैरूत, कैरो, रोम, जिनीव्हा येथील थांबे एकेक करून गळाले. अधिक इंधन वाहून नेण्याची क्षमता हे त्याचे एक कारण होय. परंतु हे थांबे केवळ इंधनासाठी नव्हते. वाटेवरील नगरांत प्रवासी उतरविण्याचे व घेण्याचे हक्क राष्ट्राराष्ट्रांतील करारांनी मिळत आणि त्या हक्कांवर विमानकंपनीचे उत्पन्न अवलंबून असे. मुंबई ते लंडन एवढ्याच दोन नगरांमध्ये विमान भरेल इतके प्रवासी मिळू लागले, तेव्हा मधला थांबा निरुपयोगी झाला. येथे काल घटविला तो प्रवाशांच्या संख्येने, आणि तीत ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांचा वाटा मोठा आहे.

तिसरा घटक, म्हणजे परवाना, मात्र कधीच गळाला नाही. १९४४ च्या शिकागो कराराने आकाशावरील राष्ट्रीय सत्तेचे तत्त्व पुन्हा दृढ केले. फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ या विमानाचे अपहरण होऊन ते लाहोर येथे जाळण्यात आल्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांस आपले आकाश बंद केले. पाकिस्तानच्या दोन विभागांमधील विमाने तेव्हा कोलंबोमार्गे जाऊ लागली आणि त्यांचे अंतर दुपटीहून अधिक झाले. हा वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. परस्परांच्या आकाशातून जाण्याची सोय १९७६ साली पुन्हा झाली. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानचे आकाश भारतीय मार्गांस बहुतांशी बंद राहिले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर दोन्ही राष्ट्रांनी परस्परांच्या विमानांस आपापले आकाश बंद केले. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानास मोठा वळसा पडतो, मुंबईच्या विमानास अरबी समुद्रावरून जाता येत असल्याने तो कमी पडतो. दोन भारतीय नगरांच्या लंडनपासूनच्या ‘दूरत्वा’चे प्रमाण असे एका आज्ञेने पालटते.

१३ जून २०२५ रोजी इस्राएल व इराण यांच्यात युद्ध पेटून इराणचे आकाश अकस्मात बंद झाले. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान सुमारे तीन तास उडून पुन्हा मुंबईसच परतले. यंत्र उत्तम, वैमानिक सज्ज, इंधन पुरेसे. तोडलेले अंतर शून्य. १९२७ साली बसऱ्यास थांबलेल्या विमानांची आठवण येथे अपरिहार्य होते.

८. मोजमापाविषयी एक सूचना

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी वेळापत्रके वाचताना एक दक्षता घ्यावी. वेळापत्रकातील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या स्थळाच्या घड्याळाची असते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे ठरली. परंतु मुंबई नगरात ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत प्रचारात राहिली. म्हणून त्या काळच्या कागदातील वेळ कोणत्या घड्याळाची, हे प्रथम ठरवावे लागते. लंडनकडे जाताना घड्याळ मागे करावे लागते, त्यामुळे प्रवास आहे त्याहून लहान भासतो. आणि उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे असल्याने हा फरक साडेचार तासांवर येतो. शिवाय मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे जाताना विरोधी व येताना साहाय्यक होतात. लंडनहून मुंबईस येण्याचा काल बहुधा कमी असतो, तो याच कारणाने. दोन्ही दिशांची सरासरी न घेता केलेली तुलना फसवी ठरेल.

वेळापत्रकात दिलेला काल आणि प्रत्यक्ष लागलेला काल यांतही भेद करावा. पहिला कंपनीचे अभिवचन आहे, दुसरा इतिहासाची वस्तुस्थिती. टपालावरील शिक्के, वृत्तपत्रांतील आगमन-निर्गमनाच्या नोंदी आणि प्रवाशांच्या दैनंदिन्या यांवरूनच दुसऱ्याचा पत्ता लागतो.

उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. मुंबई ते लंडन हे अंतर भूगोलाने दिले आहे, प्रवासकाल मात्र इतिहासाने. त्या कालाचा आलेख काढला तर तो सतत उतरणारी रेषा नव्हे. १९१८, १९४०, १९५४, १९६७ आणि २०२५ या वर्षांशी तो कोणत्या ना कोणत्या स्वरूपात वर चढतो, आणि १९५४ चा अपवाद वगळता प्रत्येक वेळी कारण राजकीय आहे. यंत्राने शक्यतेची सीमा आखली. त्या सीमेच्या किती जवळ जाता येईल, हे मुक्कामांनी व परवान्यांनी ठरविले.

यावरून आणखी एक विचार सुचतो. ज्यास दुसऱ्यास थांबवून ठेवता येते, त्याच्या हाती सत्ता असते. लंडनच्या कचेऱ्यांनी रंगो बापूजींना वर्षानुवर्षे थांबविले. कोलंबोत टिळकांना परत फिरविले. इराणने इम्पीरियल एअरवेजची विमाने बसऱ्यास दोन वर्षे रोखली, तेव्हा हीच सत्ता प्रथमच उलट दिशेने वापरली गेली. प्रवासकालाचा अभ्यास हा म्हणून केवळ वाहनांच्या इतिहासाचा भाग नाही. कोणी कोणाला किती काळ थांबविले, याचा तो लेखा आहे. मराठी प्रदेशाच्या विलायतेशी आलेल्या दोन शतकांच्या संबंधांकडे या दृष्टीने पाहिले गेलेले नाही. टपालखात्याची वेळापत्रके, मुंबई सरकारची दप्तरे आणि मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या संचिका ही साधने त्यासाठी हाताशी आहेत. त्यांतील दिवसांचे आकडे कोणी तरी रांगेने मांडून पाहावेत, एवढीच येथे अपेक्षा आहे.